गच्ची, टाकी, डीपी आणि गाड्या : सोसायटीची ऊर्जा जोडलेल्या मॉडेलांवर कशी तपासायची

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत ८४ सदनिका आहेत. गच्चीवर ३० किलोवॅटचं सोलर बसवायचा प्रस्ताव आला, तेव्हा सभेत एक हिशोब मांडला गेला. पुण्यात एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे ३० किलोवॅटचे १२० युनिट. पुढच्या काही वर्षांत सोसायटीत २० इलेक्ट्रिक गाड्या होतील असं धरलं. गाडी रोज ४० किलोमीटर धावते आणि एका युनिटला ७ किलोमीटर जाते, म्हणजे गाडीमागे जेमतेम ६ युनिट आणि सगळ्या मिळून १२०. इकडे १२०, तिकडेही १२०, तेव्हा जमलंच असं सगळ्यांना वाटलं.

हा हिशोब दिवसाचा म्हणून बरोबर आहे. पण तारा आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपली डीपी) दिवस पाहत नाहीत, ते तास पाहतात. गच्चीवरचं सोलर ऐन दुपारी जोरात असतं तेव्हा गाड्या हिंजवडीला किंवा खराडीला ऑफिसच्या पार्किंगमध्ये असतात. संध्याकाळी सात-साडेसातला त्या परत येतात आणि एकामागोमाग एक प्लगला लागतात. २० गाड्या, प्रत्येकी ३.३ किलोवॅट, म्हणजे ६६. घरांचा आणि लिफ्ट-दिव्यांचा त्या वेळचा भार १३० किलोवॅट धरा. बेरीज १९६. पॉवर फॅक्टर, म्हणजे तारांतून वाहणाऱ्या एकूण विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, ०.९५ धरला तर एकूण २०६ केव्हीए, आणि आपली डीपी २०० केव्हीएची. त्या वेळी सोलर शून्यावर असतं.

मी इमारतींच्या विजेच्या आराखड्यांचं काम करते, आणि माझं ठाम मत आहे की सोलर, चार्जर, पंप, बॅटरी, जनरेटर या गोष्टी वेगवेगळ्या कोटेशनवर ठरवू नयेत. त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. त्यांची संगणकावरची मॉडेलंही एकमेकांशी बोलती करून चालवली पाहिजेत. हे काम सगळं फुकट मिळणाऱ्या साधनांवर, घरच्या लॅपटॉपवर होतं. कसं ते सांगते.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘सोसायटीची ऊर्जा समजून घ्यायची’ हा प्रश्न नव्हे. ‘२० गाड्या आल्यावर एप्रिलच्या संध्याकाळी सात ते अकरा डीपीवर किती भार येईल, आणि मंजूर भार न वाढवता तो आवरता येईल का’ हा प्रश्न आहे. प्रश्न असा असला की काय सोडायचं ते आपोआप कळतं. पंपाचं उदाहरण घ्या. ८४ घरं, घरी चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ४५ हजार लिटर पाणी. ते ४० मीटर चढवायचं. पंप आणि मोटर मिळून निम्मी वीज कामी येते असं धरलं तरी दिवसाला १० युनिट होतात. पंप दुपारी चालवला की बिल खूप उतरेल असं सभेत अनेकांना वाटतं. १० युनिटांत तेवढा वाव नाही. तरीही पंप मॉडेलमध्ये हवाच, त्याचं कारण पुढे गुरुवारच्या परीक्षेत येईल.

मग भाग पाडा आणि प्रत्येक भागाला विचारा, याला मागचं काही आठवतं का? टाकीला आठवतं, कारण आत्ताची पातळी तासाभरापूर्वीच्या पातळीवर अवलंबून असते. बॅटरीला, गाडीला आठवतं. रोहित्रालाही आठवतं आणि हे लोक विसरतात. त्यातलं तेल तापायला काही तास लागतात, म्हणून २०६ केव्हीए अर्धा तास आणि २०६ केव्हीए चार तास या वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या कागदी इन्सुलेशनसाठी आयईसी ६००७६ मालिकेतल्या सातव्या भागाचा नियम असा की आतला सर्वांत तापलेला बिंदू ९८ अंशांवर असेल तर झीज नेहमीची, आणि त्यावर दर ६ अंशांना झिजेचा वेग दुप्पट. याउलट पॅनेल आणि तारा यांना या कामापुरती स्मृती नसते, आत्ताचं ऊन नि आत्ताचा भार कळला की उत्तर येतं. स्मृती असलेल्या प्रत्येक भागाला सुरुवातीची किंमत द्यावी लागते. टाकी अर्धी भरलेली, तेल ५० अंशांवर, असं काहीतरी. पहिले दोन दिवस चालवून टाकून द्या आणि तिसऱ्या दिवसापासून मोजा, म्हणजे सुरुवातीच्या अंदाजाचा परिणाम निघून जातो.

साधनांबद्दल थोडक्यात. उन्हापासून विजेपर्यंत पीव्हीलिब, तारांसाठी आणि रोहित्रासाठी पांडापॉवर किंवा ओपनडीएसएस. टाकी, पंप, रोहित्राचं तापमान यांची समीकरणं ओपनमोडेलिकामध्ये सुटसुटीत लिहिता येतात. या सगळ्यांना एका घड्याळावर चालवायला मोझेइक, जे जर्मनीतल्या ओल्डनबर्गच्या ऑफिस (OFFIS) या संशोधन संस्थेत तयार झालं आणि पायथनमध्ये आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळांनी मिळून केलेलं हेलिक्सही आहे, पण ते शहरभराच्या जाळ्यासाठी. एका सोसायटीला मोझेइक पुरतं.

मॉडेल एका साधनातून दुसऱ्यात न्यायचं असेल तर एफएमआय हे मानक वापरा. त्याची पहिली आवृत्ती २०१० ची, दुसरी २०१४ ची, तिसरी २०२२ ची. मॉडेल एफएमयू नावाच्या एका झिप फाइलमध्ये बांधलं जातं. आत एक्सएमएलमध्ये त्याच्या आत-बाहेर जाणाऱ्या राशींची यादी असते आणि सोबत चालणारा प्रोग्राम. दोन गोष्टी लक्षात ठेवा. फाइल तयार करताना ‘को-सिम्युलेशन’ प्रकार निवडा, ‘मॉडेल एक्स्चेंज’ नको. पहिल्यात गणित सोडवणारा भाग आतच असतो, दुसऱ्यात तो तुम्हाला पुरवावा लागतो. आणि विंडोजवर बांधलेली फाइल लिनक्सवर चालेलच असं नाही, कारण आतला प्रोग्राम त्या त्या यंत्रणेचा असतो.

आता सर्वांत महत्त्वाचं काम, आणि इथे घाई करू नका. मॉडेलं जोडायच्या आधी सांध्यांचा तक्ता करा. सांधा म्हणजे जिथे एका मॉडेलचा आकडा दुसऱ्यात जातो ती जागा. बहुतेक मॉडेलं एकटी असताना बरोबर असतात. उत्तर बिघडतं ते सांध्यावर. प्रत्येक सांध्यापुढे चार गोष्टी लिहा. एकक काय, अधिक म्हणजे कुठल्या दिशेने, वेळ कोणती, आणि आकडा त्या क्षणाचा की मधल्या काळाची सरासरी.

एककं पाहा. पीव्हीलिब वॅटमध्ये बोलतं, ओपनडीएसएस किलोवॅटमध्ये, पांडापॉवर मेगावॅटमध्ये. आपलं ३० किलोवॅट एका ठिकाणी ३०,००० असतं, दुसरीकडे ३०, तिसरीकडे ०.०३. चिन्हांचं तसंच. पांडापॉवरमध्ये भार अधिक म्हणजे वीज घेतो, सोलरचा घटक अधिक म्हणजे वीज देतो, आणि बॅटरी अधिक म्हणजे चार्ज होते. बॅटरीचं चिन्ह उलटलं तर उत्तर वेडंवाकडं दिसत नाही, वक्र अगदी गुळगुळीत येतो; फक्त बॅटरी संध्याकाळी मदत करण्याऐवजी भार वाढवत असते. शिवाय विजेचे आकडे दोन न्या, प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेचे किलोवॅट आणि मोटरींना चुंबकत्वासाठी लागणाऱ्या विजेचे केव्हीएआर. सोलर इन्व्हर्टर साधारणपणे फक्त किलोवॅट देतो, पंपांची आणि फ्रिजची केव्हीएआरची गरज जाळ्यातूनच भागते. त्यामुळे भर दुपारी मीटरवरचा पॉवर फॅक्टर घसरलेला दिसतो. एकच आकडा नेला तर हे मॉडेलमध्ये उमटणारच नाही.

वेळेसाठी पुण्याकडे एक उत्तम कसोटी आहे, सूर्य. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे ७३.८६ वर. फरक ८.६४ अंशांचा, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३५ मिनिटं. पुण्यात सूर्य सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी माथ्याच्या रेषेवर येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ च्या सुमाराला, फेब्रुवारीच्या मध्याला १२.४९ च्या आसपास. निरभ्र दिवसाचा सोलरचा वक्र काढा आणि शिखर कुठे येतं ते पाहा. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांना आलं तर आंतरराष्ट्रीय वेळ (यूटीसी) तशीच वाचली गेली आहे. १२.०५ किंवा १.०५ ला आलं तर साडेपाच तासांतला अर्धा तास कुठेतरी पूर्णांकात हरवला आहे, किंवा तासाची सरासरी त्या तासाच्या सुरुवातीला लावायची की शेवटी यात गफलत आहे. अर्ध्या तासाने वर्षाचे युनिट बदलत नाहीत, पण संध्याकाळी सोलर उतरतं आणि गाड्या येतात तो नेमका काळ सरकतो, आणि आपला प्रश्न तिथलाच आहे.

दिशेचीही अशीच परीक्षा घ्या. पीव्हीलिबमध्ये दक्षिण म्हणजे १८० अंश, पीव्हीजीआयएस या सोलरच्या हिशोबाच्या युरोपीय संकेतस्थळावर दक्षिण म्हणजे ०. पीव्हीलिबला ० दिलंत तर पॅनेल उत्तरेकडे तोंड करून बसतं. पुण्यात पॅनेलचा उतार कमीच ठेवतात, त्यामुळे वर्षाच्या बेरजेत ही चूक ठळक दिसत नाही. डिसेंबरचा निरभ्र दिवस काढा, तिथे ती लपत नाही. आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा मॉडेलमधला सूर्यही तिथेच दिसायला हवा.

सगळ्या मॉडेलांनी हवामान एकाच फाइलमधून वाचावं. इशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या भारतीय संस्थेने पुण्यासाठी तयार केलेली प्रातिनिधिक वर्षाची फाइल एनर्जीप्लस या इमारतींच्या ऊर्जेच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहात मिळते, नासा पॉवरवर प्रत्यक्ष वर्षांची तासावार माहिती मिळते. दोन्ही चांगल्या, पण मिसळू नका. मीटरचा भार गेल्या एप्रिलचा आणि ऊन प्रातिनिधिक वर्षाचं घेतलं तर ज्या दिवशी एसी जोरात होते त्या दिवशी मॉडेलमध्ये आभाळ भरलेलं असू शकतं. उन्हाळ्यात हे विशेष महत्त्वाचं, कारण ज्या उन्हाने एसी लागतात त्याच उन्हाने पॅनेल ६० अंशांवर जातं, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के देणं घटतं. म्हणजे १२ टक्क्यांच्या आसपास.

पायरी किती मिनिटांची? भार आणि तारांसाठी १५ मिनिटं ठीक आहेत. देशातल्या वीजव्यवहारांचं वेळापत्रकही १५ मिनिटांच्या ९६ खंडांत असतं. पण टाकीला ती पायरी मोठी पडते. तासाला २० हजार लिटर देणारा पंप १५ मिनिटांत ५ हजार लिटर चढवतो, फ्लोट स्विच मात्र दोन-तीन हजारांवरच बंद व्हायला हवा असतो. म्हणून टाकी आतल्या आत एका मिनिटाने चालवा आणि बाहेर १५ मिनिटांची सरासरी द्या. प्रत्येक मॉडेलला एकच पायरी हवी असं बंधन नाही, जोडून चालवण्याचा फायदाच तो आहे.

एका पायरीतला क्रम असा ठेवा. आधी हवामान, मग सोलर, मग गाड्या-पंप-बॅटरी यांचे निर्णय, मग तारांचं गणित, शेवटी रोहित्राचं तापमान. अडचण येते ती वर्तुळाची. रोहित्र ८५ टक्क्यांवर गेलं की चार्जिंग कमी करायचं असा नियम घातला, तर चार्जिंगला रोहित्राचा भार हवा आणि रोहित्राला चार्जिंगचा. मोझेइकमध्ये अशी जोडणी ‘टाइम शिफ्टेड’ म्हणून करता येते, म्हणजे नियंत्रकाला मागच्या पायरीचा आकडा मिळतो, आणि पहिल्या पायरीसाठी तो आपण द्यायचा. पण मग भार वर-खाली, वर-खाली असा झुलू लागतो. सगळ्या गाड्या एकदम थांबतात, भार पडलेला पाहून एकदम सुरू होतात.

हा झोका खरा की गणिताचा? पायरी १५ वरून ५ मिनिटांवर आणा. झोक्याचा कालावधीही तिपटीने आखडला तर तो गणिताचा आहे. तसा असेल तर एकाच पायरीत तीच गणितं फरक नगण्य होईपर्यंत पुन्हापुन्हा करा. मात्र चार्जर पुरवणाऱ्याचा खरा नियंत्रकही १५ मिनिटांनीच मीटर वाचणार असेल, तर तो झोका उद्या पार्किंगमध्येही दिसणार आहे. तो पुसू नका, नियम बदला. सकाळी उशिरा निघणाऱ्या गाड्यांचं चार्जिंग आधी मंदावा, आणि पूर्ण थांबवण्याऐवजी करंट थोडा थोडा उतरवा.

दोन मॉडेलं जोडली की तिसरं आणण्यापूर्वी रोजचा जमाखर्च घाला. सोलर अधिक जाळ्यातून आलेली वीज, बरोबर वापर अधिक तारांतली गळती अधिक बॅटरीतली वाढ अधिक बाहेर गेलेली वीज. दोन्ही बाजूंत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. गळती ऋण आली तर कुठलं चिन्ह उलटं नाही ना, ते आधी पाहा. पाण्याचाही वेगळा जमाखर्च ठेवा, त्यात टँकरचं पाणी धरा.

प्रत्यक्षाशी ताडून पाहायला मीटरचा लोड सर्व्हे, म्हणजे मीटरमधली भाराची वेळेवार नोंद, मागवा, आणि पंप चालवणाऱ्या काकांशी बोला. पंप कधी लावतात, कुठल्या विंगची टाकी आधी भरतात, उन्हाळ्यात किती वेळा टँकर येतो, हे कुठल्याही फाइलमध्ये नसतं. वायरमनला सोबत घेऊन पंपाचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा. पाटीवरची ताकद आणि प्रत्यक्षातली यात बराच फरक निघतो.

आता गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद राहते ती बहुधा गुरुवारी, आणि महापालिकेचं पाणी बंद राहतं तेही गुरुवारीच, मग शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येतं. जोडलेल्या मॉडेलासाठी याहून चांगली परीक्षा नाही. सकाळी दहा ते चार वीज घालवा आणि त्या दिवशी आवक पाणी शून्य करा.

पहिली गोष्ट, सोलर बंद पडलं पाहिजे. साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर जाळ्याची वीज गेली की सुरक्षिततेसाठी स्वतः थांबतो, बाहेर कितीही ऊन असो. तुमच्या मॉडेलमध्ये तो दुपारभर वीज देत राहिला तर तिथे थांबून दुरुस्त करा. संकरित (हायब्रिड) इन्व्हर्टर आणि बॅटरी असेल तरच सोलर त्या वेळी कामाचं, आणि तेही ठरवलेल्या भारापुरतं. दुसरी, जनरेटर. डिझेलच्या लिटरला साधारण ३ ते ३.५ युनिट मिळतात, पण भार क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली गेला की प्रमाण बिघडतं आणि इंजिनालाही ते मानवत नाही. लिफ्ट आणि दिवे एवढ्यावर तो रेंगाळतो. पंप त्याच वेळी लावला तर भार नीट बसतो. १० युनिटांचा पंप इथे उपयोगी पडतो. पण खालच्या टाकीत पाणी उरलेलं असेल तरच, म्हणजे बुधवारी रात्रीची पातळी इथे निर्णायक ठरते. एकट्या विजेच्या मॉडेलमध्ये ही गोष्ट कधीच समोर येत नाही.

तिसरी, चार वाजता वीज परत येते तो क्षण. घराघरांतले इन्व्हर्टर बॅटऱ्या भरू लागतात, फ्रिज एकदम सुरू होतात, एसी लागतात, पंपही लागतो. ८४ घरांचा भार एरवी विखुरलेला असतो म्हणून सरासरी चालते. त्या अर्ध्या तासात ती मोडते. घरांच्या मॉडेलमध्ये एकच सरासरी वक्र न ठेवता निदान पाच-सहा प्रकारची घरं ठेवा आणि फ्रिज-इन्व्हर्टरला वीज गेल्याचा काळ लक्षात ठेवू द्या.

गुरुवारखेरीज एप्रिलची तापलेली संध्याकाळ, जुलैतले सलग ढगाळ दिवस, गणपतीतली रोषणाई असलेली रात्र आणि डिसेंबरची गीझरची सकाळ एवढे दिवस चालवा. सोलर वॉटर हीटर असलेल्या विंगचं डिसेंबरचं वागणं वेगळं ठेवा, त्या सकाळी त्यांचा भार खरंच कमी असतो.

पर्याय तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला. चार्जिंग रात्री अकराला सुरू करायचं ठरवलं, तर आमच्या आकड्यांत अकराचा घरांचा भार ८० आणि गाड्यांचा ६६, मिळून १४६ किलोवॅट, सुखाने बसतं. गाड्या ४० झाल्या की तोच नियम २१२ वर नेतो, कारण सगळ्या गाड्या अकराच्या ठोक्याला एकदम सुरू होतात. त्यापेक्षा अकरा ते चार असे पाच तास वाटून दिले तर ६ युनिटांची गाडी दोन तासांच्या आत भरते आणि कुठल्याही वेळी निम्म्याहून जास्त गाड्या चालू नसतात. असे दोन-तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून सभेला डीपीच्या भाराचे आणि तेलाच्या तापमानाचे वक्र दाखवा, बाकीचं मागितलं तर. सांध्यांचा तक्ता, हवामानाची फाइल आणि रोहित्राच्या पाटीचा फोटो सोसायटीच्या फाइलला लावून ठेवा. उद्या ‘सी’ विंगने हीट पंप घ्यायचं ठरवलं तर जो कोणी तो जोडेल त्याला सुरुवात तिथूनच करावी लागेल.